शनिवारी सीए ऑफिसमध्ये मुलाखत आहे, काय काय विचारतात? (नाशिक)

निफाडची_लेक | मंगळवार, रात्री 9.50

नमस्कार मंडळी. बरेच महिने इथे नुसतं वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय.

माझं एम.कॉम. झालंय. आमच्या तालुक्यातल्या एका पतसंस्थेत दीड वर्ष काम केलं. काउंटर, पिग्मीचा हिशेब, दिवसअखेरची तेरीज, असं. आता कॅनडा कॉर्नरजवळच्या एका सीए फर्ममधून अकाउंट असिस्टंटच्या जागेसाठी फोन आलाय, शनिवारी सकाळी 11 वाजता बोलावलंय. मॅडम एवढंच म्हणाल्या, "बायोडेटा आणा आणि दीड-दोन तास हातात ठेवून या." दोन तास मुलाखत चालते? पतसंस्थेत दहा मिनिटांत आटोपलं होतं. संचालकांनी गाव विचारलं, वडिलांचं नाव विचारलं, झालं.

टॅली क्लासला शिकले होते, पण संस्थेत वेगळं सॉफ्टवेअर असल्यामुळे दीड वर्ष हात लागलेला नाही. जीएसटी पुस्तकातलं येतं, रिटर्न स्वतः कधी भरलेलं नाही. खरं सांगायचं तर पतसंस्थेचा अनुभव बायोडेटात लिहू की नको इथपासून गोंधळ आहे. सीए ऑफिसात त्याचा काय उपयोग, असं मैत्रीण म्हणते.

कोणी अशा मुलाखती दिल्या किंवा घेतल्या असतील तर कृपया सविस्तर सांगा. चार दिवस आहेत, अभ्यास करायची तयारी आहे.


खतावणी | मंगळवार, रात्री 10.25

बेटा, पहिलं म्हणजे पतसंस्थेचा अनुभव लिहायचाच. रोकड हाताळलेला माणूस वेगळा असतो.

मी 31 वर्षं अंबडच्या एका कारखान्यात हिशेब लिहिले आणि त्यातली बरीच वर्षं ऑडिटला येणाऱ्या पोरांसमोर बसून काढली. मुलाखतीत नावे-जमा पक्कं हवं. घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्याच्या जमा. येतं ते नावे, जातं ते जमा. खर्च-तोटा नावे, उत्पन्न-नफा जमा. झोपेतून उठवून विचारलं तरी आलं पाहिजे. चार दिवसांत रोज 50 नोंदी कागदावर लिही, कॉम्प्युटर नको. घसारा, येणे-देणे, आगाऊ दिलेला विमा, मालकाने उचललेली रक्कम, सगळं त्यात येऊ दे.


पंचवटीचा_आर्टिकल | मंगळवार, रात्री 11.10

ताई, तुमची जागा नोकरीची आहे, आर्टिकलशिपची नाही, हे आधी फोन करून पक्कं करून घ्या. माझ्या वर्गातल्या एकाचा गोंधळ झाला होता. आर्टिकल म्हणजे सीएचं शिक्षण घेणारा, त्याला पगार नसतो, स्टायपेंड असतो. पूर्वी ती 3 वर्षं होती, 2023 च्या नव्या योजनेपासून 2 वर्षं झाली. आमच्या मुलाखतीत सीए परीक्षेचा कोणता ग्रुप निघाला, परीक्षेला सुट्टी किती घेणार, ऑडिटला बाहेरगावी जाल का, हेच जास्त विचारतात. नोकरीच्या माणसाकडून पहिल्या दिवसापासून काम हवं असतं, त्यामुळे तुम्हाला करून दाखवायला सांगतील. दोन तास त्यासाठीच असणार.


सही_शिक्का | बुधवार, सकाळी 7.15

वरच्या आर्टिकलने बरोबर ओळखलं आहे. मी शरणपूर रोडला प्रॅक्टिस करतो आणि आमच्याकडच्या मुलाखती मीच घेतो. प्रत्येक ऑफिसची रीत निराळी असते, पण नाशिकमध्ये आमच्यासारखी जी दहा-बारा माणसांची ऑफिसं आहेत तिथे साधारण काय चालतं ते सांगतो.

पहिली दहा मिनिटं नुसत्या गप्पा. मग मी एक फाइल देतो. एका दुकानाची एका महिन्याची पंचवीसेक बिलं, बँक स्टेटमेंटची दोन पानं, आणि टॅलीत नवी कंपनी उघडून दिलेली. "हे घालून दाखवा" एवढंच सांगतो आणि केबिनमध्ये निघून जातो. वेग बघत नाही. उमेदवार बिलं आधी लावून घेतो का, खरेदी एकीकडे, विक्री एकीकडे, खर्च एकीकडे, की वरचं बिल उचलून थेट पंच करायला लागतो, ते काचेतून दिसतं.

फाइलमध्ये काही गोष्टी मी मुद्दाम ठेवलेल्या असतात. एक बिल दोनदा असतं, एकदा मूळ आणि एकदा झेरॉक्स. एक बिल मालकाच्या घरच्या फ्रीजचं. एक सुरतच्या पार्टीचं, ज्यावर परराज्यातल्या व्यवहाराचा आयजीएसटी हवा तिथे राज्यातल्या राज्यात लागणारा सीजीएसटी-एसजीएसटी लावलेला. सगळं सापडलंच पाहिजे असं नाही. पण बाहेर येऊन "सर, हे बिल दोनदा आलंय का?" असं ज्याने विचारलं, त्याच्याबद्दल माझं मत तिथेच निम्मं बनतं. कारण क्लायंटची चूक आमच्या टेबलावर थांबली नाही तर ती पुढे नोटीस होऊन येते, आणि ती नोटीस क्लायंटच्या नावावर असते.

दुसरा भाग टीडीएसचा, म्हणजे पार्टीला पैसे देतानाच कापून सरकारला भरायच्या आयकराचा. आर्किटेक्टचं बिल देतो, फी 1,00,000, त्यावर जीएसटी 18,000, एकूण 1,18,000. किती कापाल, पार्टीला किती द्याल? बरेच जण 11,800 सांगतात. बिलात जीएसटी वेगळा दाखवला असेल तर टीडीएस फक्त फीवर. म्हणजे 10% ने 10,000 कापायचे आणि 1,08,000 द्यायचे. मग मी विचारतो, कापलेले कधी भरणार? पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत. आणि मार्चमध्ये कापलेले? 30 एप्रिलपर्यंत. हे शेवटचं उत्तर ज्याने प्रत्यक्ष काम केलंय त्यालाच पटकन येतं. त्यामुळे ते नाही आलं तर नव्या उमेदवाराचे गुण मी कापत नाही.

जीएसटीत रिटर्न भरलेलं नसलं तरी महिन्याची चाल समजलेली हवी. दरमहा भरणाऱ्याचा जीएसटीआर-1 (विक्रीचं रिटर्न) 11 तारखेला, 14 तारखेला 2बी (विकणाऱ्यांनी दाखवलेल्या आपल्या खरेदीची यादी) तयार होतो, 20 ला 3बी (कर भरायचं रिटर्न). 14 ते 20 या सहा दिवसांत आम्ही काय करत असू, याचा विचार करून या. पुस्तकातली खरेदी आणि 2बी मधली खरेदी जुळवतो. पुस्तकात आहे पण 2बी मध्ये नाही, म्हणजे विकणाऱ्याने आपलं बिल रिटर्नमध्ये दाखवलेलं नाही, त्याचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, आत्ता घेता येत नाही, त्याला फोन करावा लागतो. आमच्याकडचं निम्मं काम हे फोनवरचं आहे. म्हणून उमेदवार बोलतो कसा, हेही मी बघतो. क्लायंटच्या दुकानातला मुनीम सत्तरीचा असतो, त्याच्याशी नीट बोलता आलं पाहिजे.

खतावणी काकांच्या 50 नोंदींना माझी हरकत नाही, पण नियम पाठ म्हणून दाखवू नका. "मालकाने गल्ल्यातून 5,000 मुलाच्या फीसाठी घेतले, काय कराल?" असा प्रश्न आला तर सरळ सांगा, मालकाच्या उचलखात्याला नावे, रोखीला जमा. कोणता नियम ते कुणी विचारत नाही.

शेवटचा प्रश्न मी सगळ्यांना विचारतो, आणि तो हिशेबाचा नसतो. क्लायंटची माहिती बाहेर जाऊ द्यायची नाही, हे आमच्यावर 1949 च्या सीए कायद्याने घातलेलं बंधन आहे. ते मोडलं तर सनदेपर्यंत जातं. स्टाफच्या तोंडून गेलं तरी विश्वास जातो तो ऑफिसचा. म्हणून मी विचारतो: तुमच्या गावचा एक माणूस आपला क्लायंट आहे, गावात कोणी विचारलं, त्याचं यंदा किती उत्पन्न झालं, तर काय सांगाल? त्याचं उत्तर इथे देत नाही. मनाने द्या.


सातपूर_शिफ्ट | बुधवार, दुपारी 1.40

कोणाचं नाव घेत नाही, घ्यायचंही नाही. पण ताईला सावध करायला हवं म्हणून लिहितो.

मी चार वर्षांपूर्वी एका ऑफिसात लागलो. पहिल्याच दिवशी दहावी, बारावी आणि पदवीच्या मूळ मार्कशीट "व्हेरिफिकेशनसाठी" ठेवून घेतल्या. पहिला महिना "ट्रायल" म्हणून पगार नाही, हे कामावर रुजू झाल्यावर सांगितलं. सप्टेंबरात रोज रात्री साडेदहा. सहा महिन्यांनी दुसरीकडे चांगली संधी आली तेव्हा मार्कशीट मिळायला अडीच महिने लागले, ती संधी गेली. वडील स्वतः दोनदा जाऊन बसले होते त्या ऑफिसच्या बाकावर. तो दिवस मी विसरलेलो नाही.

मूळ कागद दाखवा, जागेवर तपासू द्या, झेरॉक्स द्या, मूळ परत पिशवीत. नोकरीच्या बदल्यात कोणालाही ते ठेवून घेऊ देऊ नका, कितीही गोड बोलले तरी. आणि पगार कोणत्या तारखेपासून, कोणत्या तारखेला, हे मुलाखतीतच विचारा.


सही_शिक्का | बुधवार, दुपारी 2.20

सातपूर_शिफ्ट, वाचून वाईट वाटलं. हे चूक आहे आणि आमच्या पेशात हे करणारे आहेत, हे मी नाकारत नाही. मूळ मार्कशीट अडकवून ठेवलेला माणूस मनापासून काम करत नसतो. तो सुटायची वाट बघत असतो. तुमचा सल्ला ताईंनी तंतोतंत पाळावा.


दुसरी_इनिंग | बुधवार, रात्री 10.05

मुलं झाल्यावर 9 वर्षं घरी होते, मागच्या वर्षी परत कामाला लागले. गंगापूर रोड, ठक्कर बाजार, नाशिकरोड मिळून पाच मुलाखती दिल्या, म्हणून थोडं लिहिते.

बायकांना एक प्रश्न हमखास येतो. लग्न ठरलंय का, मुलं किती, सासूबाई मुलं बघतात का. पहिल्या दोन मुलाखतींत मी सगळं सांगत बसले आणि घरी येऊन रडले, कारण हिशेबाचं कोणी काही विचारलंच नाही. तिसऱ्या वेळी ठरवून गेले. म्हटलं, "तुम्हाला वेळेची काळजी असेल तर ते आत्ताच सांगते, एरवी साडेसहापर्यंत, 10 ते 20 तारखेला आठपर्यंत, सप्टेंबरात टॅक्स ऑडिटच्या दिवसांत शनिवार-रविवारसुद्धा येईन." विषय तिथेच संपला आणि पुढचा प्रश्न बँक रिकन्सिलिएशनचा, म्हणजे पुस्तकं आणि बँक स्टेटमेंट जुळवण्याचा आला. आपल्याला खरंच जेवढं जमणार आहे तेवढंच सांगायचं, हे मात्र पाळ.

दुसरं, आयकर. 1 एप्रिल 2026 पासून 1961 चा कायदा जाऊन 2025 चा नवा आयकर कायदा लागू झालाय. टीडीएसची जुनी 194सी, 194जे ही कलमं घोकलेली असतील तर त्या नंबरांवर फार विसंबू नकोस. पगार सोडून बाकीचा टीडीएस आता कलम 393 च्या तक्त्यात आहे, पगाराचा 392 मध्ये. ऑफिसात अजून सगळे तोंडाने "194सी" च म्हणतात, पण मला एका ठिकाणी मुद्दाम विचारलं होतं की "आकारणी वर्ष" जाऊन काय आलं. कर वर्ष. आणि तरी आर्थिक वर्ष 2025-26 चं रिटर्न जुन्याच कायद्याखाली, हा पुढचा प्रश्न होता. दोन्ही नीट समजून जा. माझ्यासारखा ज्यांच्या कामात खंड पडलाय त्यांना तर हे विचारतातच, कारण त्यांना बघायचं असतं की मधल्या काळात आपण वाचतोय की नाही.

पगाराचं एक. महाराष्ट्रात महिलांना महिना 25,000 पर्यंतच्या पगारावर व्यवसाय कर नाही. माझ्या पहिल्या पगारातून 200 कापले होते, सवयीने कापले असणार. दाखवल्यावर पुढच्या महिन्यात परत मिळाले. पीएफ असेलच असं धरू नकोस, 20 माणसांच्या आतलं ऑफिस असेल तर तो बहुधा नसतो. विचारायला लाजू नकोस, आपण हिशेबाच्याच नोकरीला चाललोय.


निफाडची_लेक | गुरुवार, रात्री 9.15

सगळ्यांचे खूप आभार. मी सगळं वहीत उतरवून घेतलंय. भावाच्या लॅपटॉपवर टॅलीची शैक्षणिक आवृत्ती टाकली, F5 पेमेंट, F6 रिसीट, F7 जर्नल, F8 सेल्स, F9 पर्चेस, बोटं हळूहळू आठवायला लागलीत. काकांच्या नोंदी रोज 50 नाही, 30 होतायत.

एक शंका. जे येत नाही ते "येत नाही" म्हणावं का? मैत्रीण म्हणते, असं म्हटलं की गेलीच संधी, काहीतरी बोलायचं.


खतावणी | गुरुवार, रात्री 9.40

माझ्या काळी तर गप्प बसून चालत नसे. माहीत आहे तेवढं बोलावं, उरलेलं अंदाजाने पुढे न्यावं.


सही_शिक्का | गुरुवार, रात्री 10.30

काका, इथे मी तुमच्याशी सहमत नाही. अंदाजाने घातलेली एक नोंद शोधायला मला ऑक्टोबरमध्ये तीन तास लागतात. "हे मला माहीत नाही, मी जीएसटी पोर्टलवर किंवा कायद्यात बघेन आणि तरी शंका राहिली तर तुम्हाला विचारेन" हे मला पूर्ण उत्तर वाटतं. फक्त ते प्रत्येक प्रश्नाला देऊन चालत नाही.

निफाडचे आहात म्हणून एक घरचा प्रश्न देतो. कांद्याच्या व्यापाऱ्याची फाइल नाशिकच्या बहुतेक ऑफिसांत असते. रोखीने एका दिवसात एका माणसाला 10,000 च्या वर दिले तर तो खर्च आयकरात धरत नाहीत. मग लासलगावचा व्यापारी शेतकऱ्याला कांद्याचे 40,000 रोख देतो, त्याचं काय? शेतकऱ्याला त्याच्या शेतमालाचे दिलेले पैसे यातून वगळलेले आहेत. तेच पैसे दुसऱ्या व्यापाऱ्याला दिले तर सूट नाही. म्हणून बाजार समितीतल्या विक्रीचे कागद, सौदापट्टी, हिशेबपट्टी जपून ठेवायला सांगतो आम्ही, समोरचा शेतकरी होता हे तिच्यावरून दाखवता येतं. तुम्ही हे कागद लहानपणापासून घरात पाहिले असतील. शहरातल्या उमेदवाराला ते समजावून सांगावे लागतात.


निफाडची_लेक | शनिवार, संध्याकाळी 6.45

झाली मुलाखत! सविस्तर लिहिते, पुढे कोणाला उपयोग होईल.

निफाडहून सकाळची एसटी धरली, सीबीएसला उतरून चालत गेले, साडेदहालाच पोहोचले. तिघं आधीच बसले होते. बोलणं मॅडमशी झालं, त्या पार्टनर आहेत. पहिला प्रश्न, "पतसंस्था का सोडताय?" मी म्हटलं, तिथे रोजचं काम एकच होतं, मला ताळेबंदापर्यंतचं काम शिकायचंय. खरंच तेवढंच कारण आहे.

मग फाइल! इथे वाचलं नसतं तर हातच थरथरले असते. एका हार्डवेअर दुकानाचे कागद होते. बिलं लावून घेतली. एक बिल दोनदा आलेलं सापडलं. घरच्या खर्चाचं एक सापडलं. आंतरराज्य बिलातली चूक मात्र माझ्याकडून सुटली, नंतर मॅडमनी दाखवली.

पण एक गोष्ट झाली. सगळ्या एंट्री मारून झाल्यावर सवयीने मी रोकडवही तारखेवार उघडून बघितली, तर 12 तारखेला रोख शिल्लक उणे 7,000 च्या आसपास. गल्ल्यात उणे रक्कम कशी असेल? महिनाअखेरची शिल्लक उणे नव्हती, त्यामुळे वरवर काही कळत नव्हतं. मी उठून मॅडमना सांगितलं की 12 तारखेला हातात नसलेले पैसे खर्च झालेले दिसतायत, एक तर बँकेतून काढलेली रक्कम राहिलीय किंवा एखाद्या खर्चाची तारीख चुकलीय. त्यांनी विचारलं, "हे बघायचं कोणी शिकवलं?" म्हटलं, संस्थेत दिवसअखेरी रोकड जुळल्याशिवाय आम्ही शटर ओढत नव्हतो. त्या क्षणभर थांबल्या आणि कागदावर काहीतरी लिहिलं. बँक स्टेटमेंटमध्ये 11 तारखेला 10,000 काढलेले होते, ती एंट्री मीच गाळली होती. ती घातल्यावर जुळलं.

टीडीएसचा प्रश्न आला, आकडे वेगळे होते, बरोबर आला. नवा कायदा, कर वर्ष, दोन्ही विचारलं. दुसरी_इनिंग ताई, तुमचे आभार कसे मानू.

एक अजिबात आलं नाही. ट्रान्सपोर्टच्या बिलावर जीएसटीच नव्हता. मॅडम म्हणाल्या, मग हा कर कोण भरणार? मी सांगितलं, माहीत नाही, बघून सांगेन. त्यांनी मान हलवली आणि पुढे गेल्या.

आणि शेवटी तोच प्रश्न. "निफाडचे आमचे चार-पाच क्लायंट आहेत. तुझ्या वडिलांनीच विचारलं तर?" इथे मी अडखळले. बाबांशी मी काही लपवत नाही. मग म्हटलं, "बाबांना सांगेन की हे त्यांचे कागद आहेत, आपले नाहीत. ते रागावणार नाहीत, आणि रागावले तरी दुसऱ्या दिवशी समजतील." अशाच शब्दांत बोलले, तयारी केलेली नव्हती.

मूळ मार्कशीट त्यांनी पाहून लगेच परत दिल्या. मी पगार, तारीख, वेळ, सगळं विचारलं. तीन महिने परिविक्षा, पगार पहिल्या दिवसापासून. मला घेतलंय, सोमवारपासून यायला सांगितलंय. एसटीत बसल्यावर बाबांना फोन केला. ते बागेत होते, थोडा वेळ काही बोललेच नाहीत.


सातपूर_शिफ्ट | शनिवार, संध्याकाळी 7.05

मनापासून अभिनंदन ताई. पहिल्या दिवसापासून पगार हे वाचून बरं वाटलं.


सही_शिक्का | शनिवार, रात्री 8.30

अभिनंदन. उणे रोकड मुलाखतीत कोणी स्वतःहून शोधलेली मी फार कमी वेळा पाहिली आहे.

ट्रान्सपोर्टचं सांगतो, सोमवारी मॅडमना स्वतःहून जाऊन सांगा. माल वाहतूक एजन्सीने बिलात स्वतः कर लावला नसेल तर भाडं देणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याने 5% कर आरसीएमने, म्हणजे बिल देणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने कर भरायच्या पद्धतीने भरायचा. तो जीएसटी पोर्टलवरच्या रोखीच्या लेजरमधूनच भरावा लागतो, शिल्लक क्रेडिटमधून वळता करता येत नाही. भरल्यावर त्याचं क्रेडिट नियमांत बसत असेल तर घेता येतं. हार्डवेअरच्या दुकानाला हे लागू आहे. पण गाडीत कांदा असता तर उत्तर बदललं असतं, कारण शेतमालाच्या वाहतुकीला माफी आहे. माल काय होता, हे बिलावर आधी बघायचं.


निफाडची_लेक | शनिवार, रात्री 8.50

हे आत्ताच वहीत लिहिलं. सोमवारी सकाळी पहिलं हेच सांगते.


खतावणी | शनिवार, रात्री 9.20

शाब्बास बेटा. "माहीत नाही" चं म्हणणं मला आता पटलं. आता एक काम आजच कर. नाशिकात कोणी नातेवाईक आहेत का ते बघ, 10 ते 20 तारखेत उशीर झाला तर निफाडची गाडी चुकेल. त्यांच्याशी आधीच बोलून ठेव आणि एक जोडी कपडे तिथे नेऊन ठेव.


निफाडची_लेक | शनिवार, रात्री 9.35

मावशी इंदिरानगरला राहते काका. आत्ताच फोन केला, ती म्हणाली, किल्लीच देऊन ठेवते.